मळक्या कपड्यांची खिडकी

नव्या कायद्याने कैद्यांच्या नातेवाइकांच्या संघटनेच्या कचेरीला सील लागलं, त्याला महिना झाला. पकडलेल्या माणसांच्या घरच्यांना मदत करणं, इतकंच काय, त्या माणसांची चौकशी करणंसुद्धा आता गुन्हा होता. संघटनेची चिटणीस म्हणजे लाँड्रीवाली मावशी. सील लागायच्या आदल्याच दिवशी तिने कचेरीतल्या खुर्च्या लाँड्रीत आणून ठेवल्या होत्या. "कुलूप खोलीला लावलंय, माझ्या तोंडाला नाही," असं ती इस्त्री फिरवता फिरवता येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

आज तिच्यासमोर एका नर्सची आई बसली होती. मारहाण झालेल्या लोकांच्या जखमांची यादी ठेवली म्हणून तिच्या मुलीला आठ दिवसांपूर्वी दवाखान्याच्या दारातूनच उचललं होतं. पोलीस मात्र कानावर हात ठेवत होते. आम्ही कुणाला नेलंच नाही म्हणे, मुलगी कुणाबरोबर पळून गेली असेल. आणि ती कोठडीत असल्याचा पुरावा आणल्याशिवाय कोर्ट वकिलाचा अर्ज घेत नव्हतं.

"मग विचारायचं तरी कुणाला, मावशी?"

"कुणालाच विचारायचं नाही. नुसते कपडे द्यायचे."

कोठड्यांचा एक जुना नियम होता. घरच्यांनी खिडकीवर धुतलेले कपडे द्यायचे आणि आतले मळके घेऊन जायचे. कायदे करणाऱ्या शहाण्यांनी माणसांची तोंडं बंद केली, पण धुण्याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. घरी तरी कधी गेलं असेल म्हणा! मावशीला या गोष्टीचं भारी हसू यायचं.

शहरात कोठड्या तीन. पहिल्या खिडकीवरून गाठोडं परत आलं. दुसरीवर शिपायाने यादी बघून मान हलवली. मावशीने आईचा दंड धरला आणि जवळजवळ ओढतच तिसरीकडे नेलं. तिथूनही गाठोडं परत आलं तर काय समजायचं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

तिसऱ्या खिडकीवरचा कारकून नीटनेटका, कानावर पेन्सिल खोचलेला. त्याने गाठोड्याला लावलेल्या चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि वर न बघताच म्हणाला, "या नावाचं इथे कुणी नाही."

"बरं," मावशी म्हणाली आणि गाठोडं तसंच खिडकीत ठेवून उभी राहिली. "साहेब, मागे रांग वाढतेय."

नाही म्हणायचं, हे त्याला याच महिन्यात शिकवलं होतं. गाठोडं घेऊन गाठोडं द्यायचं, हे त्याचे हात वीस वर्षं करत होते. हातांनी फळीवरच्या मळक्या गाठोड्यांशी चिठ्ठी जुळवली, त्याच नावाचं गाठोडं काढलं आणि पुढे सरकवलं. "चला, पुढचे!" तो खेकसला.

कोपऱ्यावर वळताच मावशीने गाठ सोडली. निळा शर्ट. कॉलरच्या आत काळ्या शाईची लाँड्रीची खूण, तिने स्वतःच्या हाताने घातलेली. आईने शर्ट तोंडाशी धरला आणि ती भर रस्त्यात ढसाढसा रडली. मावशीने तिला रडू दिलं. मग शर्ट घेऊन उजेडात उलटसुलट केला. तीस वर्षं लोकांचा मळ बघितलेली बाई ती.

"रक्त नाही. कुठे फाटलेलाही नाही. घाम ताजा आहे, फार तर काल उतरवला असेल. बाह्या कशा नीट दुमडल्यात बघा, म्हणजे हात धड आहेत. पोरगी जिवंत आहे, ताई. इथेच आहे, या भिंतीच्या आत."

आईच्या जिवात जीव आला. तिने डोळे पुसले आणि शर्टाकडे हात पुढे केला. "आणा, घरी जाऊन लगेच धुते. तिला फार आवडतो हा."

"खबरदार!" मावशीने शर्ट छातीशी धरला. "पाण्याचा थेंब लावायचा नाही याला."

हे शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारले होते. मळक्या गाठोड्यावरची, मुलीचं नाव आणि कोठडीचा शिक्का असलेली चिठ्ठी तिने शर्टालाच टाचली, सगळं कागदात गुंडाळलं आणि वकिलाच्या घराच्या दिशेने चालायला लागली.

"हा असाच कोर्टात जाणार," ती म्हणाली. "न्यायाधीशांना हुंगून बघू दे."