बाबांचा एकच ग्लास

पहिला इशारा दिला तो सात महिन्यांच्या चिंगीने, आणि तिच्या आईने तो चक्क उडवून लावला. खरं तर या आईला घरात सगळे धास्तीबाई म्हणत. लेक शिंकली की हिचा डॉक्टरांना फोन! पण त्या रविवारी, एरवी आजोबांच्या छातीवर मिनिटात गाढ झोपणारी चिंगी कान टेकताच किंचाळून उठली, तेव्हा धास्तीबाई म्हणाली, “दात येत असतील.” दोनच दिवसांपूर्वी तिने कमी घाबरायचं ठरवलं होतं ना!

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. चिंगीने कान टेकला, कपाळाला आठ्या घातल्या आणि भोकाड पसरलं.

“रुसली गं ही माझ्यावर,” आजोबा, म्हणजे धास्तीबाईचे सासरे, खट्टू झाले. आयुष्यभर बँडमध्ये ड्रम वाजवलेला माणूस. “माझ्या ठोक्यावर लोक पहाटेपर्यंत नाचायचे!”

“बघू तरी,” म्हणत सासूबाईंनी स्वतःच कान लावला. “अगं बाई! आत कोणीतरी जिना उतरतंय, आणि तेही पायऱ्या गाळत!”

सगळे खो खो हसले. धास्तीबाई तेवढी पांढरीफटक. तिने वरात तशीच दवाखान्यात नेली. सासऱ्यांच्या पायात सासूबाईंच्या चपला!

डॉक्टरीणबाईंनी ईसीजी पाहिला. “ठोके अनियमित आहेत. रक्ताची गुठळी होऊन पक्षाघातही होऊ शकतो. वेळेत आलात. दारू घेता?”

“छे! रोज एकच ग्लास वाइन. हृदयासाठी!”

“केवढा ग्लास?”

सासरे छताकडे बघू लागले.

घरी येताच गोळ्या सुरू झाल्या आणि धास्तीबाईने ग्लास शोधून काढला. बँडने निरोपाला दिलेला, बादलीचा धाकटा भाऊच! तिने तो पाण्याने भरला आणि चिंगीच्या पाव लिटरच्या दुधाच्या बाटलीने मोजायला घेतला. एक बाटली भरली. दुसरी भरली. तिसरीही!

“बाबा! अहो, पाऊण लिटर! ही रोज वाइनची अख्खी बाटली झाली!”

“तरीच तो रिकाम्या बाटल्या नेणारा मला लांबून हात करतो,” सासूबाई म्हणाल्या.

“पण थोडी हृदयाला चांगली म्हणतात,” सासरे पुटपुटले.

फोनवर डॉक्टरीणबाईंनी तेही निकालात काढलं. “हृदयासाठी म्हणून कोणी पिऊ नये. रक्तदाब, ठोके, यकृत, कॅन्सर, सगळीकडे ती धोका वाढवते. पण एकदम तोडू नका, मी सांगेन तशी बंद करा.”

काही आठवडे गेले. ग्लासात आता मनीप्लांट होता. रविवारी चिंगीला पुन्हा आजोबांच्या छातीवर ठेवलं. सगळे भोवती जमले. तिने कान टेकला, ऐकलं, विचार केला… आणि घोरू लागली.

सासरे हलायची सोय नाही म्हणून नुसते भुवयांनी नाचले. सासू-सुनांनी स्वयंपाकघरात, तोंडात पदर आणि ओढणी कोंबून, आवाज न करता धिंगाणा घातला.

तेव्हा धास्तीबाईचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरी ‘रोज एकच’ म्हणणारं कोणी असेल, तर आत्ता उठा आणि तो ग्लास केवढा आहे ते बघून या. जाताच आहात तर छातीलाही कान लावा.