नवव्या दिवसाचं पाणी

विमला शेट्ये पाणकोंडला पहिल्यांदा गेली ती ब्याऐंशी सालच्या दसऱ्यानंतर. ती मूळची चिपळूणची, किराणा व्यापाऱ्याची मुलगी. शिकली पुण्याला, आणि तिथल्याच एका संस्थेत भूजलावर संशोधन करायची. संगमेश्वरपासून दोन तास चालत गेल्यावर लागणाऱ्या या वाडीत एक कुंड होतं. सड्याच्या, म्हणजे वरच्या उघड्या कातळी पठाराच्या, पायथ्याला जांभ्या कातळातून झरा फुटायचा, त्याचं पाणी कुंडात साठायचं आणि सगळी वाडी तेच प्यायची. कुंडाच्या तळातून मात्र दिवसभर बुडबुडे येत. विमलाने ते उलट्या बाटलीत धरले, हाताच्या आडोशाला काडी ओढली आणि बाटलीच्या तोंडाशी निळसर ज्योत भप्पकन उठली. त्या क्षणी तिच्या डोक्यात जे शिरलं ते पुढे दीड वर्ष निघालं नाही.

मुंबईच्या समुद्रात तेल लागून फार वर्षं झाली नव्हती. कोकणच्या जमिनीखाली वायू आहे हे पहिल्यांदा आपण दाखवलं तर?

ती वाडीतल्या येसूबाईंच्या पडवीत उतरली होती. येसूबाईंचा मुलगा भिकाजी मुंबईच्या गिरणीतला कामगार, संप सुरू झाल्यापासून गावी येऊन बसलेला. विमलाची उपकरणं तोच डोक्यावरून वाहायचा. "म्याडम, ग्यास निघाला तर हितंच काम मिळंल की वो आमाला," तो एकदा म्हणाला, आणि विमला म्हणाली, "का नाही मिळणार?"

येसूबाईंनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "अगो बाय, हितं आदी दलदल व्हती. माज्या सासऱ्यान् कवळ-पाला टाकलान्, मेलेली झाडां टाकलान्, नि वरनं माती लोटून ती बुजवलान्. त्ये कुजतंय खाली. बुडबुडं त्येचंच."

विमला हसली. वहीत तिने ते लिहून घेतलं नाही.

बुडबुडे खोलवरून येतात हे दाखवायचं, तर कुंडाचं पाणीही वरचं नव्हे, खोलवरचं आहे हे दाखवायला हवं होतं. त्यासाठी तिने रंग आणला होता. शेंदरी पूड, पाण्यात पडली की हिरवीगार होणारी, पोटात गेली तरी अपाय न करणारी. वाडीला तसं सांगून तिने ती सड्यावर, जिथे पावसाचं पाणी भेगेतून आत जिरतं तिथे ओतली. पाणी सड्यावरूनच मुरत येत असेल तर कुंड हिरवं होईल. नाही झालं, तर पाणी खोलातलं.

पाच दिवस ती सकाळ-संध्याकाळ कुंडावर बसली. पाणी स्वच्छ राहिलं. सहाव्या दिवशी तिने सामान बांधलं. दिल्लीला परिषद होती, निबंध पाठवायची मुदत जवळ आली होती. निदान पंधरा दिवस थांबायला हवं, हे तिला माहीत होतं. दुसऱ्या कोणी पाच दिवसांत उठून आलेलं तिला चाललं नसतं.

निबंध गेला. त्यानंतर तीन दिवसांनी पोस्टकार्ड आलं. भिकाजीचं अक्षर.

'रंग टाकल्यापासून नवव्या दिवशी कुंडाचे पाणी हिरवे झाले. तीन दिवस तसेच होते. तुमच्या कामास उपयोगी म्हणून कळवतो. आई म्हणते, पाणी सड्याचेच आहे.'

विमलाने ते दोनदा वाचलं. गॅसच्या नोकरीची आस लावून बसलेल्या माणसाने हे स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, हे तेव्हा तिच्या ध्यानातही आलं नाही. गावातल्या माणसाचं निरीक्षण, मोजमाप नाही, नमुना नाही, असं तिने स्वतःला समजावलं आणि कार्ड टेबलाच्या खणात टाकलं.

दिल्लीत निबंधाचं कौतुक झालं. त्याच्याच आधारावर चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत कुठल्याशा खात्याचं बोअरिंगचं यंत्र पाणकोंडला लागलं. कुंडापासून तीस पावलांवर त्यांनी दोनशे फूट खोल भोक पाडलं. वायू लागला नाही. यंत्र निघून गेलं. मार्चच्या शेवटी झरा आटला.

हे विमलाला एप्रिलमध्ये कळलं, तेही त्या खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून, बोलता बोलता. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिने एस. टी. पकडली.

कुंडाच्या तळाला चिखल वाळून भेगाळला होता. बायका पाण्याला अर्धा तास उतरून पऱ्याच्या, म्हणजे खालच्या ओढ्याच्या, डोहावर जात होत्या. त्याच उतारावर भिकाजीची बायको काशी हंड्यासकट घसरली होती. तिच्या मनगटाला फळ्या बांधलेल्या होत्या. भिकाजीने विमलाला पडवीत बसायला पाट दिला आणि आपणहून म्हणाला, "म्याडम, मी कार्ड टाकलं व्हतं. पोचलं नसंल. पोस्टाचा काय भरवसा?"

त्याने तिला सुटायला आयती सबब दिली होती. विमलाने ती घेतली. "नाही पोचलं," ती म्हणाली.

"तरीच," भिकाजी म्हणाला. तिच्यावरचा संशय फिटल्यासारखा त्याचा चेहरा मोकळा झाला. आतून काशीने एका हाताने चहा आणून ठेवला.

दुपारी ती बोअरपाशी गेली. पाइपाला कान लावला. आत पाणी पडत होतं, धार लागल्यासारखं. तिला सगळं उमगलं. जांभ्याखाली पांढरट चिकणमातीचा थर होता. सड्यावरून मुरलेलं पाणी त्या थरावर अडायचं आणि झऱ्यातून बाहेर यायचं. बोअरने थराला भोक पाडलं होतं. वाडीचं पाणी त्या भोकातून खाली गळत होतं.

मागच्या वेळचा उरलेला रंग तिने बरोबर आणला होता, तो बोअरमध्ये ओतला. या वेळी ती कुठे गेली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भिकाजीबरोबर पऱ्याने खाली उतरत असताना, डोहाच्याही खाली, खडकाच्या कपारीतून हिरवं पाणी झिरपताना दिसलं. भिकाजी हरखला. "गावलं की वो म्याडम! हुशार बाईमाणूस तुमी!"

तो "हुशार" शब्द तिला सहन झाला नाही.

"भिकाजीभाऊ, तुमचं कार्ड मला मिळालं होतं."

त्याला आधी कळलंच नाही. "कधी?"

"तेव्हाच. मी वाचलं आणि ठेवून दिलं. त्याच वेळी कळवलं असतं तर यंत्र इथे आलं नसतं. परवा मी तुमच्याशी खोटं बोलले."

भिकाजीने हिरव्या पाण्याकडे पाठ केली. नुसतं म्हणाला, "चला. ऊन व्हतंय." चढावर तो पुढे चालत होता. एरवी तो तिची पिशवी घ्यायचा; त्या दिवशी त्याने हात पुढे केला नाही.

संध्याकाळी येसूबाईंच्या अंगणात वाडी जमली तेव्हा विमलाने तेच पुन्हा सांगितलं, सगळ्यांसमोर, उभं राहून. एक म्हातारा, महिपत, संतापून बोलला. येसूबाई म्हणाल्या, "बाय, तुला कुनी इचारलं नव्हतं, तरी बोललीस. पन माज्या सुनंचा हात मोडला तो मोडलाच."

पावसाआधी बोअर चिकणमाती आणि सिमेंटने गच्च बुजवला गेला. त्यासाठी विमलाने खात्याच्या दारात महिनाभर खेटे घातले. निबंधात चूक झाली, रंग नवव्या दिवशी आला, तो गावकऱ्यांनी पाहिला आणि मला कळवलं, ते मी दडवलं, असं तिने परिषदेला लिहून पाठवलं. संस्थेतले वरिष्ठ म्हणाले, "कोणी विचारत होतं का?" पुढची बढती दुसऱ्याला मिळाली. तिने तक्रार केली नाही.

दिवाळीच्या सुमाराला ती पुन्हा पाणकोंडला गेली. झरा वाहत होता, पण धार पूर्वीच्या निम्मी. हंडा भरायला दुप्पट वेळ लागे, बायका रांगेने बसून होत्या. भिकाजी मुंबईला परतला होता, गिरणीत नाही, कुठल्याशा इमारतीवर पहारेकरी म्हणून. रांगेत काशी होती. तिचा नंबर आला, हंडा भरला. मनगट वाकडं बसलेलं, हंडा डोक्यावर चढवताना कळ येत असावी. विमला पुढे झाली आणि हंड्याला हात लावला.

"ऱ्हावद्या," काशी म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने हंडा गुडघ्यावर घेतला, मग दंडाच्या आधाराने खांद्यावर, मग डोक्यावर, आणि पाठ फिरवून वाट चढू लागली.

विमला बाजूला झाली. मागची बाई पुढे सरकली.