रानजायफळाचा शेजारी

मित्रांनो, मी कळंबजवळच्या ओढ्याकाठचे एक जुने रानजायफळ आहे. तुमच्या श्रीखंडात पडते ते जायफळ म्हणजे माझे श्रीमंत भावंड. माझ्या बीवर लाल जाळी असते. ठाकूरवाडीची कोंडी ती वाळवून कर्जतच्या बाजारात विकायची, म्हणून ओढ्यावर माझा मान मोठा. माणसे झाडाला हात जोडतात तेही वर बघत, काही लागलेय का म्हणून!

शेजारी माझ्याच जातीचे दुसरे झाड होते. ते फुलायचे, पण त्याला फळ कधी धरले नाही. या भागात आम्ही दोघेच उरलो होतो. बाकीचे बंगल्यांच्या रस्त्यांखाली गेले.

जमीन गजाची. त्याला पाहुण्यांसाठी तंबू ठोकायचे होते.

"एक झाड काढावं लागंल. कंचं काढू गं कोंडे?"

"इचारतोस काय? त्येच काढ. नुसतं ऊन अडवतंय. मग ह्ये दुप्पट धरंल बघ."

कोंडीचा माझ्यावर जीव. त्यापोटीच ती बोलली. दुपारपर्यंत शेजारी टेंपोत होता.

पुढच्या वर्षी मी भरभरून फुलले. फळ एकही नाही. त्याच्या पुढल्या वर्षीही नाही. मग न फळणाऱ्या झाडाला खोटा धाक घालायचा जुना उपाय झाला. गजा कोयता उगारून आला.

"फळत नाय तर आज तोडतोच!"

कोंडीने ठरल्याप्रमाणे त्याचा हात धरला. "नको रं दादा! पुढल्या साली धरंल, मी जामीन हाय!"

दोघांनाही हसू आवरेना. मला मात्र माझ्या जामिनाची कीव आली.

त्या हिवाळ्यात तंबूत उतरलेली प्राची वनस्पतींचा अभ्यास करणारी निघाली. "काका, हे मादी झाड. नर कुठंय? तो नसेल तर बी कसं धरणार?"

गजाने तंबूकडे पाहिले आणि मान खाली घातली.

गजा आणि प्राचीने खालापूरपर्यंतची राने पालथी घातली. नर सापडला नाही. तळकोकणातून रोपे आणली. त्यांना हवी ती गर्द, ओली सावली कधीच कापून झालेली. उन्हाळ्यात ती जळून गेली.

आता मला कुंपण आहे, 'दुर्मिळ' अशी पाटी आहे, पाणीही वेळेवर मिळते. माझ्यामागे इथे कोणी नाही.

मित्रांनो, एखादे झाड निकामी ठरवण्याआधी ते कोणाच्या कामी येते ते विचारा. आणि एक विनंती. गजाने कोंडीला यातले काही सांगितलेले नाही, तुम्हीही सांगू नका. ती अजून दर उन्हाळ्यात येते, वाकून माझ्याखालचा पाला चाळते आणि बुंध्यावर हात ठेवून म्हणते,

"असू दे रं. दमलं असशील."