चांदीचं सोंग

मित्रांनो, मी एक जुनं चांदीचं पदक आहे, असं एके काळी पहिल्या नजरेत तुम्हालाही वाटलं असतं. तसं वाटावं म्हणूनच तर मला जन्माला घातलं. खरं सांगायचं तर मी नुसता कागद आहे. त्यावर काळी शाई, राखाडी रंग आणि चिमूटभर पांढरा. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. मी चांदीचं आणलं, आणि त्यातच घात झाला.

समुद्राला बांध घालून राहणाऱ्या एका मुलखात, होर्न बंदरात, माइन्डर्ट नावाचा एक खलाशी राहायचा. एका हिवाळ्यात तो बांध फुटून पाणी घरांत शिरलं, तेव्हा छपरांवर चढून बसलेली अकरा माणसं त्याने आपल्या होडीतून सुखरूप आणली. गावाने त्याला चांदीचं पदक दिलं. पदकावर लाटा, होडी, होडीतली माणसं आणि खाली कोरलेलं त्याचं नाव. त्या काळी हौशी मंडळींना अशा पदकांची चित्रं वहीत जमवायचा भारी नाद होता. अशाच एका गृहस्थासाठी बारेंट नावाचा चित्रकार माइन्डर्टच्या घरी येऊन बसला आणि आठ दिवस खपून त्याने मला काढलं. कडेचा पोचा म्हणू नका, खालची सावली म्हणू नका, काही सोडलं नाही. शेजारचा मासळीवाला मला टेबलावरून उचलायला गेला, तर त्याचं नख कागदावर घसरलं.

"अरे देवा, हा तर कागद!"

"हळू, बाबा! सावलीला ओरखडा जाईल," बारेंट म्हणाला आणि मांडीवर थाप मारून हसला.

तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस. पुढे त्या वहीवाल्या गृहस्थाचं मन बदललं. त्याने मला घेतलंच नाही. बारेंटने मला माइन्डर्टच्या बायकोच्या, आफ्येच्या हातात ठेवलं. "घ्या वहिनी, असू द्या तुमच्याकडेच." तिने मला कपाटात चादरींच्या खाली ठेवून दिलं. वीस वर्षं मी तिथे पडून होतो. मला राग नाही आला. खरं पदक भिंतीवर असताना माझं काय काम?

ते पदक एका काळ्या फळीवर बसवून खिडकीजवळ टांगलेलं असे. होर्नमध्ये शनिवारी चांदी घासली नाही, उंबरा पुसला नाही, तर बाईचं नाक कापलं जातं. आफ्ये दर शनिवारी ओल्या फडक्यावर खडूची पूड घेऊन ते पदक लख्ख करायची. मग एका वर्षी माइन्डर्ट समुद्रावर गेला तो परतला नाही. प्रेत सापडलं नाही, म्हणून थडगं नाही, थडग्यावरचा दगडही नाही. चादरींखालचा मी सोडला, तर त्याचं नाव लिहिलेलं असं जगात एकच ठिकाण उरलं, ते पदक. घासून झालं की आफ्ये ते नाव पुटपुटत वाचायची.

पुढे फ्रेंच फौजा आल्या, नवं सरकार आलं आणि हुकूम निघाला की घरातली चांदी जमा करा. आफ्येची तोवर ऐंशी उलटली होती. दोन्ही डोळ्यांवर सारा येऊन सगळं धूसर दिसायचं. तिचा जावई सेमन पदक घेऊन निघाला, तशी लेक दिउवर रडायला लागली.

"आईला काय सांगू?"

"काही सांगू नकोस. कपाटातलं ते सोंग लाव फळीवर."

"अहो, पण..."

"तिला दिसतंय कुठे? उगाच म्हातारीच्या जिवाला घोर कशाला?"

मला त्याच फळीवर चिकटवलं. काच लावली नाही. काच चमकली असती आणि बिंग फुटलं असतं. आफ्ये जवळ आली, डोळे बारीक करून बघत राहिली.

"आहे ना गं जागेवर?"

"आहे, आई."

लोकांना फसवायचा मला केवढा तोरा होता! त्या दिवशी मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता त्या नावाला मीच काय तो उरलो होतो. शनिवार आला की दिउवर म्हणायची, "तू बस, मी घासते," आणि कोरडं फडकं माझ्यासमोरून नुसतं फिरवायची.

एका शनिवारी ती लोणी आणायला बाजारात गेली. आफ्ये घरात एकटी होती.

"पोरीच्या हाताला जोरच नाही मेला," असं म्हणत तिने फळी उतरवून मांडीवर घेतली आणि फडकं भिजवलं. बोटं इतकी ताठरलेली की चांदी काय नि कागद काय, कळायला मार्ग नव्हता. पहिल्या हाताला लाटा गेल्या. मला ओरडता येईना, सरकता येईना. चांदी घासली की फडक्याला काळं लागतंच, म्हणून ते काळं बघून ती आणखी खूश झाली.

"किती गं बाई मळलं होतंस!"

तिने आणखी पाणी घेतलं. होडी गेली. माणसं गेली. मग नेहमीसारखं नाव वाचायला तिने मला उजेडात अगदी डोळ्यांशी धरलं, आणि ती ते शोधतच राहिली.

दिउवर परतली, तेव्हा म्हातारी फळी छातीशी धरून बसली होती.

"दिउवर, त्याचं नाव कुठे गेलं गं? मी पुसलं का?"

दिउवरने लोणी खाली ठेवलं. "आई, तो कागद होता गं. चांदी केव्हाच दिली. वितळवली त्यांनी."

आफ्येने ओल्या कागदावरून बोट फिरवलं. ती रागावली नाही. मग म्हणाली, "मग सांगायचं नाही होय मला? कागद आहे म्हणाली असतीस, तर कागदासारखं जपलं असतं."

दिउवर नुसती रडत राहिली.

मित्रांनो, आज माझ्यावर होडीचा अर्धा काठ आहे आणि अकरातल्या तिघांची डोकी. त्यांना वाचवणाऱ्याचं नाव नाही. तुमच्या घरात अशी जुनी वस्तू असेल तर तिला ओलीपासून, उन्हापासून जपा. पण त्याआधी ती खरोखर काय आहे, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांगा. आम्हाला सांगता येत नाही हो.