इतवारीचे दहा दिवस

आमच्या यांच्यात एकच खोट होती. कुणाचंही म्हणणं ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. नवरा म्हणून ठीक आहे, पण पाळकानं इतकं ऐकून घेऊ नये. त्यापायीच इतवारीचा बाप्तिस्मा तीनदा लांबला, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

त्रेपन्न साली आम्ही सावली गावाजवळच्या एका खेड्यात होतो. मिशननं दिलेल्या दोन कौलारू खोल्या आणि त्यांना लागून प्रार्थनेची जागा. मी नगरकडची, जिभेची तिखट. हे, म्हणजे गुणवंतराव, अगदीच गोड ताक. आणि इतवारी ही गावची सुईण. पन्नाशी उलटलेली, काटक, बोलायला फटकळ. पहिल्याच भेटीत ती मला आवडली. दर रविवारी उपासनेला यायची, पण आत पाऊल टाकायची नाही. खिडकीबाहेर मोहाच्या झाडाखाली बसून ऐकायची.

"आत ये की गं," मी म्हणायची.

"विटाळ हाये बाई. परवाच चंदाचं बाळंतपण केलं. दहा दिवस देवाच्या घरात पाय ठेवत नाई आमी."

ते दहा दिवस सरायच्या आत दुसऱ्या कुणाला तरी कळा सुरू व्हायच्या. त्यामुळे तीस वर्षांत ती कुठल्याच देवळाचा उंबरा चढली नव्हती. गावातल्या निम्म्या पोरांना जगात आणणारी बाई स्वतः कायमची बाहेर!

एका रविवारी यांनी बायबलातला यशयाचा अध्याय घेतला. देवाचं सिंहासन पाहून एवढा मोठा संदेष्टा कसा थरथरला, माझे ओठ अशुद्ध आहेत म्हणून कसा रडला, ते सांगितलं. मी खिडकीतून पाहिलं तर इतवारी स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघत होती. पुढच्या रविवारी निकदेमाची गोष्ट निघाली. म्हातारपणी माणूस पुन्हा कसा जन्मेल, असं तो येशूला विचारतो ना, तिथवर हे आले आणि खिडकीतून आवाज आला, "मलेबी जन्मायचं हाये, पादरीबाबा."

हे बायबल मिटून खिडकीशी गेले आणि हात जोडून उभे राहिले. त्या दिवशी मला यांचा फार अभिमान वाटला.

पण बाप्तिस्म्याची तारीख ठरली की कुणाचं तरी बाळंतपण ठरलेलंच. एकदा नव्हे, तीनदा. "अहो, देवाला कसला विटाळ? सांगा ना तिला ठणकावून!" मी चिडले.

"सांगितलं. ती मान हलवते आणि पुन्हा हातच बघत बसते. तिच्या मनात दुसरंच काही आहे, इंदू. थांबू या."

थांबायचं म्हटलं की हे पहिले!

चौथ्यांदा पौषातला रविवार ठरला. आदल्या दिवशी सकाळीच माझं पोट दुखायला लागलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, वय छत्तीस आणि हे पहिलंच बाळंतपण. इतवारी धावत आली. मी नगरहून आणलेला नवा टॉवेल पुढे केला, तर मलाच रागावली. "हे टोचन लेकराले! जुनं लुगडं आना, धुऊन धुऊन मऊ झालेलं. लेकरू जुन्यातच घ्या लागते."

दुपारी मुलगी झाली. पण आवाज नाही. नाळेचा वेढा मानेभोवती बसला होता. इतवारीनं बोटानं तो अलगद सोडवला, पोरीला उलटं धरून पाठ चोळली. "रड, माय, रड. लेकरू रडलं पायजे. रडलं का मंग भेव नाई."

पोरगी रडली. दाराबाहेर हेही रडले. आणि इतवारी पोरीला घेऊन माझ्या खाटेच्या पायाशी खाली बसली.

"रंभेच्या लेकरालेबी असाच वेढा होता," ती म्हणाली.

रंभा म्हणजे तिची धाकटी जाऊ. पाच वर्षांपूर्वी शेताच्या बांधावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यातच रंभेला कळा लागल्या, बोलावणं आलं.

"येतो म्हनलं, आन धान कांडत बसलो. मुद्दाम, बाई. जराशी तडफडू दे म्हनलं तिले. गेलो तं लेकरू निळं झालं होतं. रंभेनं जुनं लुगडं धुऊन ठेवलं होतं उशाशी. ते तसंच राह्यलं. गाव म्हनते, नशीब. मले मालूम हाये. विटाळ दहा दिवसानं जाते, बाई. हे नाई जात."

खरं सांगते, मला आधी रागच आला. याच हातांत आता माझी पोर होती! मी ती तिच्याकडून ओढून घेणार, तेवढ्यात पोरीकडे नीट पाहिलं. रक्तानं, चिकट पांढऱ्या थरानं माखलेली, आणि इतवारीनं तिला छातीशी घट्ट धरलेलं.

"इतवारी," मी म्हटलं, "हिला उचललंस तेव्हा ही धुतलेली होती?"

"धुऊन कोनी जन्मते काय? पहिले उचलून घ्या लागते, मंग..."

ती थांबली. तिनं माखलेल्या पोरीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. मग पोरीला आंघोळ घालून माझ्या कुशीत दिलं आणि उठली.

"कुठे निघालीस?"

"रंभेकडे."

पण रंभेनं सगळं ऐकून घेतलं आणि तोंडावर दार लावून घेतलं.

रविवारचं मी पाहिलं नाही. मी बाळंतीण. यांच्याकडून एकेक वाक्य खोदून काढावं लागलं. इतवारी दहा दिवस न मोजता बाप्तिस्म्याला वैनगंगेवर आली. यांनी तिला पाण्यात बुडवून बाहेर काढलं. थंडीनं ती लटलट कापत होती. काठावर गावातल्या बाया होत्या, पण कालचंच बाळंतपण, म्हणून कुणी हात लावायला पुढे होईना. हे वेंधळ्यासारखे कोरडं काही न घेताच गेले होते.

"मग?" मी ओरडलेच.

मग बायांच्या मागून रंभा आली. काखेत पाच वर्षं जपून ठेवलेलं ते जुनं लुगडं. पाण्यात उतरून तिनं ते इतवारीच्या डोक्यावरून पांघरलं, गच्च आवळलं आणि तिची पाठ जोरजोरात चोळायला लागली.

"रड आता," रंभा म्हणाली. "लेकरू रडलं पायजे."

आणि इतवारी रडली.