पडद्यामागे भरलेली मोटर

मी एक जुनं, हातानं फिरवायचं वाइंडिंगचं मशीन आहे, मित्रांनो. माझा मुक्काम नागपुरात, जरीपटक्याच्या बाजारातल्या प्रेमानंदच्या दुकानात. कूलरची मोटर जळली की माझ्यावर तांब्याच्या तारेचे वेढे घ्यायचे आणि ते मोटरीत भरायचे, एवढंच माझं आयुष्य. वेढे मोजताना कुणी बोललं की प्रेमानंद खेकसायचा. त्याच्या हातची मोटर चार उन्हाळे काढते, असं लोक म्हणायचे. माझं नाव कोण घेतो! सवय आहे मला.

मग त्याचा हात कापायला लागला. त्याची लेक दीक्षा आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन आली आणि सरळ माझ्यासमोर बसली. तिचा हात इतका एकसारखा, की माझा खडखडाटसुद्धा कमी झाला. मला आवडली पोरगी, उगाच कशाला लपवू? पण प्रेमानंदनं आमच्यापुढे पडदा लावला.

"पोरगी भरते म्हटलं त कोनी मोटर देनार नाही. अन् आयक वं, या सीझनले एक जरी कंप्लेंट आली, त तू घरी."

"चालते बाबा," दीक्षा म्हणाली.

भरायची ती. शेवटच्या वायरी मात्र गिऱ्हाइकासमोर प्रेमानंद जोडायचा, म्हणजे सगळं काम त्याचंच वाटावं. अर्धा मे सरला तरी एकही तक्रार नव्हती.

मग कोराडीचे शालिकराम मोटर घेऊन परत आले, घामाघूम. "काय गा प्रेमानंद, पंखा उलटा फिरून राहिला! आम्ही घरात उकडून राहिलो अन् गल्लीले थंडी! पोरीले बसवलं म्हनतात तू दुकानात. तिनंच भरली ना?"

दीक्षाचा हात माझ्या दांड्यावर थांबला. पंखा उलटा फिरतो म्हणजे भरणं बरोबर, जोडणी चुकली. हे तिला कळत होतं आणि प्रेमानंदलाही. नुसतं 'हो' म्हणून तो सुटला असता आणि ती घरी बसली असती. त्यानं वायरी पाहिल्या.

"भरली तिनंच," तो म्हणाला. "त्यात काही खोट नाही. वायरी म्या उलट्या जोडल्या. हात कापते माझा." त्यानं पडदा ओढून काढला. "दीक्षा, भाऊची मोटर सरळ करून दे वं."

शालिकराम जरा कचरले, पण उकाड्यापुढे कुणाचं चालतं? पाच मिनिटांत मोटर घेऊन गेले. आठ दिवसांनी मेव्हण्याची मोटर घेऊन आले आणि दारातूनच त्यांनी दीक्षाला हाक मारली. त्याच आठवड्यात प्रेमानंदनं चहावाल्याला सांगून टाकलं, की आपला मुलगा विक्की दवाखान्यात नर्स आहे. आजवर तो 'दवाखान्यात कामाले' एवढंच सांगायचा.

मित्रांनो, मला महिन्याला दोन थेंब तेल पुरतं. पण तुमच्या घरात मुलगी मोटर भरत असेल, मुलगा आजाऱ्याला सलाईन लावत असेल, तर ते मोठ्यानं सांगा आणि वेळेवर सांगा. दीक्षानं भरलेल्या एकोणचाळीस मोटरींची शाबासकी बापाला मिळाली. ती आता तिला परत कशी द्यायची, ते मला माहीत नाही.