आखणीचा काळा रंग

रामवाडीच्या हॉलमध्ये त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी मालूचा छातीचा एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरला. फुप्फुसावर सुपारीएवढा काळा डाग. "हा बघा, काळ दडून बसलाय," म्हणत त्यांनी तीर्थात भिजवलेला फडका फिरवला आणि डाग गेला. लोकांनी डोळे मिटून हात जोडले. मी मिटले नाहीत, म्हणून फडक्यावरची काळी रेघ मला दिसली.

मालू आणि मी हमरापूरच्या गणपतीच्या एकाच कारखान्यात वाढलो. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी आमच्याकडे. डावा डोळा तिचा, उजवा माझा. लग्नानंतर मी रोह्याला गेले. त्या कारखान्यातल्या बायकांपैकी आता आम्ही दोघीच उरलोय, आणि मला बरोबरीच्या मायेने 'गो' म्हणणारी ती एकटीच.

तिला रक्ताचा कॅन्सर. केमोनंतर ताप उतरेना, तेव्हा सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात बुरशी सापडली आणि गोळ्या सुरू झाल्या. महाराजांनी एक्स-रे आदल्या दिवशीच देवापाशी ठेवायला मागून घेतला होता. सीटीच्या फिल्मा त्यांना नको होत्या. डाग पुसून झाल्यावर त्यांनी बजावलं, आता गोळी घेणं म्हणजे देवावर संशय. मालूने गोळ्या बंद केल्या.

तिची सून नूतन घाबरली. तिने सीटीच्या फिल्मा माझ्या पिशवीत घातल्या. त्या मी रोह्याच्या डॉक्टर उर्वीला दाखवल्या आणि डागाचंही सांगितलं.

ती म्हणाली, "आजी, एक्स-रेत हवा काळी दिसते, रोग पांढरा. महाराजांनी डाग उलट्या रंगात काढला."

मालूचा एक्स-रे मुळातच स्वच्छ असणार, तिने समजावलं. त्यात सगळी छाती एकावर एक पडते, लहान गाठ लपून जाते. सीटीत छातीचे पातळ काप दिसतात. तिथे होती ती, पांढरी, भोवती धुक्यासारखं कडं. बुरशी रक्तवाहिनीत शिरली की आजूबाजूला रक्त झिरपतं, त्याचं ते कडं. केमोने पांढऱ्या पेशी संपलेल्या. गोळीही सोडली तर बुरशीला अडवणार कोण?

दुसऱ्या दिवशी मालूच्या ओटीवर गेले. एक्स-रेला हार घातला होता, आळीतल्या बायका दर्शनाला आल्या होत्या. मालू काही ऐकेना; डाग तिने डोळ्यांनी जाताना पाहिला होता. मग मी तिच्याच घरातला आखणीचा काळा रंग पाण्यात कालवला आणि एक्स-रेवर डाग काढला. तो सगळ्यांना दिसेल असा उजेडासमोर धरला. पदराचं टोक नळाखाली भिजवून फिरवलं. डाग गेला.

शेजारची पुतळी म्हणाली, "डिंक नाय घातला व्हय."

डिंक नसला तर रंग धरत नाही, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. एक-दोघी हसल्या. मालू हसली नाही.

"माझा तेवढाच आधार व्हता गो," ती म्हणाली. "तो पण पुसलास." आणि भिंतीकडे वळली.

गोळ्या तिने त्याच संध्याकाळी सुरू केल्या. काही आठवड्यांनी नूतनचा फोन आला, नव्या स्कॅनमध्ये गाठ आक्रसलीय. मालू फोनवर येत नाही. जवळच बसलेली असते. खोकल्यावरून कळतं मला.

बायांनो, हात खुशाल जोडा, पण डोळे मिटू नका. आजाराचं चित्र ज्याला वाचता येतं त्यालाच दाखवा, आणि औषध बंद करायला सांगणाऱ्याच्या हातातला फडका आधी बघा. असं बघण्याची किंमत मोजावी लागते कधी कधी. मला आता कुणी 'गो' म्हणत नाही. पण खोकला ऐकू येतो, तोही दर फोनला थोडा कमी.